दूरस्थ वाचकाचा ग्रंथपाल कुठून यावा?

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात दूरशिक्षणाने शिकणारे विद्यार्थी ४५.७१ लाख होते आणि उच्च शिक्षणातले एकूण विद्यार्थी सुमारे ४.१४ कोटी. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांतला एक जण विद्यापीठाच्या ग्रंथालयात जवळपास पाऊलही न टाकता पदवीपर्यंत पोहोचतो. एवढ्या मोठ्या वाचकवर्गाचा ग्रंथपाल कोण, तो या कामाकडे कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने यायला हवा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. दूरशिक्षणावर परिषद असली की अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीची मान्यता यांवर बोलले जाते. ग्रंथालयांवर परिषद असली की संगणकीकरणावर आणि नॅकच्या तयारीवर. दोन्हींच्या मध्ये उभा राहून काम करणारा माणूस दोन्हीकडे अनुपस्थित असतो. या लेखात मांडायचे आहे ते असे : या कामाला लागणारी माणसे आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत, त्यांतली अनेक जण स्वतः दूरशिक्षणातूनच ग्रंथालयशास्त्र शिकली आहेत आणि तरीही भरतीची आपली पद्धत त्यांच्या नेमक्या याच अनुभवाकडे पाठ फिरवते.

आधी आजची वाट पाहू. महाराष्ट्रात ग्रंथालयाच्या कामात शिरणाऱ्याची पहिली पायरी बहुधा ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेची असते. त्यानंतर कोणत्याही शाखेची पदवी मिळवून बी.लिब., मग एम.लिब., मग नेट किंवा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट, आणि जमल्यास पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपाल किंवा विद्यापीठातला सहायक ग्रंथपाल व्हायचे तर ग्रंथालयशास्त्रातली किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, सातत्याने चांगली शैक्षणिक कामगिरी, ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. एवढे हवे. विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी पीएच.डी.बरोबर दहा वर्षांचा अनुभव लागतो. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयातला, महाविद्यालयीन ग्रंथपालपदाचा किंवा ग्रंथालयशास्त्र शिकवण्याचा असावा लागतो. हे नियम पारंपरिक विद्यापीठाला जसे लागू होतात तसेच मुक्त विद्यापीठाला. समोर येणाऱ्या वाचकाला सेवा देणे आणि कधीही समोर न येणाऱ्या वाचकाला सेवा देणे यांत नियमांना काही फरक दिसत नाही. सार्वजनिक ग्रंथालयात घालवलेली वर्षे तर या हिशेबात धरलीच जात नाहीत.

त्यामुळे दूरशिक्षणाचा ग्रंथपाल होण्याची स्वतंत्र वाट आपल्याकडे आखलेली नाही. माणसे आडवाटांनी येतात. कोणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत सहायक ग्रंथपाल म्हणून लागतो आणि कामावर रुजू झाल्यावर त्याला कळते की आपला वाचक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेला आहे. कोणी पारंपरिक विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात बदलून येतो. कोणी ई-नियतकालिकांचे करार पाहता पाहता बाहेरून लॉगिन करणाऱ्यांच्या तक्रारी सोडवू लागतो आणि हळूहळू तेच त्याचे काम होऊन बसते. यांतले कोणतेच आगमन ठरवून झालेले नसते. काम अंगावर आल्यावर शिकावे लागते, आणि शिकून झालेला माणूस बदलून गेला की पुढच्याला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते.

हे असेच चालत आले असेल असे समजायचे कारण नाही, कारण दूरच्या वाचकाची काळजी ग्रंथालयांच्या आधुनिक इतिहासात फार लवकर दिसते. ॲना टिकनॉर यांनी १८७३ मध्ये बोस्टनमध्ये घरबसल्या शिकू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी पत्राद्वारे शिक्षण देणारी संस्था काढली, तेव्हा धड्यांबरोबर टपालाने पुस्तके पाठवणारे ग्रंथालयही त्या योजनेतच होते. आपल्याकडचे उदाहरण याहून मोलाचे आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणले. बोर्डन यांच्या कारकिर्दीत बडोदा संस्थानात फिरत्या ग्रंथालयांचा विभाग उभा राहिला. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव जात, वाचकांकडून वर्गणी घेतली जात नसे आणि वाहतुकीचा खर्चही संस्थान सोसत असे. ग्रंथालय प्रशिक्षणाचा भारतातला पहिला वर्गही बोर्डन यांनीच १९११ मध्ये बडोद्यात सुरू केला. ग्रंथपाल घडवणे आणि पुस्तक दूरच्या माणसापर्यंत नेणे ही दोन कामे आपल्याकडे एकाच ठिकाणी, एकाच हाताखाली जन्माला आली. पुढे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण विद्यापीठांत गेले आणि त्याचा केंद्रबिंदू इमारतीच्या आत सरकला : वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, संदर्भ विभाग. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे हे सूत्र ठळकपणे आहे. ते आपण तोंडपाठ करतो आणि त्यातला ‘प्रत्येक’ वाचक ग्रंथालयात हजर असणार असे गृहीत धरतो.

दुरावा वाढवणारी दुसरी गोष्ट खुद्द मुक्त विद्यापीठांच्या रचनेत आहे. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये सनद मिळवून १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवू लागले, तेव्हा भर होता तो स्वयंपूर्ण अध्ययन साहित्यावर, बीबीसीवरच्या कार्यक्रमांवर आणि शिक्षक-मार्गदर्शकांवर. विद्यापीठाचे ग्रंथालय प्रामुख्याने अभ्यासक्रम तयार करणाऱ्या प्राध्यापकांचे होते. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रंथालयाचा आधार घ्यावा अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा ब्रिटनमध्ये अगदीच अवास्तव नव्हती, कारण तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे भक्कम होते. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये, इग्नू १९८५ मध्ये आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. स्वयंअध्ययनाची पुस्तके घरी पाठवायची, संपर्क सत्रे अभ्यासकेंद्रावर घ्यायची, ही रचना आपण उचलली; पण तिला तिथे पाठीशी असलेले सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे त्या ताकदीचे नव्हते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद त्याच्या पाठ्यपुस्तकांनी बऱ्याच अंशी खरे केले, यात शंका नाही. मराठीतून विज्ञान, शेती, शिक्षणशास्त्र शिकवणारी ती पुस्तके अनेक घरांतले पहिले विद्यापीठीय वाचन आहेत. त्या पुस्तकापलीकडे काय वाचायचे आणि ते कुठून आणायचे, हे मात्र विद्यार्थ्याच्या नशिबावर राहिले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. स्वयंअध्ययन साहित्य मुळात अशा रीतीने लिहिलेले असते की दुसरे पुस्तक लागू नये. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणाऱ्याला आणखी वाचायला वेळ कुठे आहे? मग त्याच्यासाठी वेगळा ग्रंथपाल कशाला? पदवीच्या पहिल्या वर्षापुरता हा युक्तिवाद चालेल. पण आज मुक्त विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, त्यांत प्रकल्प आणि प्रबंधिका आहेत. प्रकल्पासाठी पूर्वीचे संशोधन पाहायला सांगायचे आणि ते पाहण्याची सोय द्यायची नाही, याचा परिणाम काय होतो हे प्रकल्प तपासणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे : जुन्या प्रकल्पाची नक्कल, नाहीतर इंटरनेटवरून उचललेला मजकूर. आणि प्रश्न न्यायाचाही आहे. पारंपरिक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एका विषयावर चार मते वाचायला मिळणार आणि दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याला एकच, तर दोघांच्या हातांत पडणाऱ्या पदव्या समान आहेत हे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने हा न्यायाचा मुद्दा आधी ओळखला. विस्तार-शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय सेवेविषयी तिची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९६७ ची आहेत. ती पुढे अनेकदा सुधारली गेली आणि २००८ मध्ये त्यांना मानकांचे रूप आले. त्यांचा पाया एकच आहे : संस्थेचा विद्यार्थी कुठेही असो, त्याला परिसरातल्या विद्यार्थ्याच्या तोडीची ग्रंथालय सेवा मिळण्याचा हक्क आहे. या तत्त्वाचा पेशावर झालेला परिणाम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याचा हक्क कागदावर आला की तो पुरा करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवावे लागते. १९८२ पासून सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने या विषयाच्या स्वतंत्र परिषदा भरू लागल्या, २००४ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक निघाले आणि दूरशिक्षण ग्रंथपाल या नावाच्या जागा जाहिरातींत दिसू लागल्या. आता त्या ऑनलाइन अध्ययन ग्रंथपाल किंवा अध्यापन-रचना ग्रंथपाल अशा नावांनी येतात. त्यांत संदर्भ सेवा, वाचकांना शिकवणे आणि अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन रचनेत भाग घेणे या गोष्टींवर भर असतो. पेशा आधी आणि हक्क नंतर, असा क्रम तिथे नव्हता. आपल्याकडे वेगळी जागा नाही याचे मुळातले कारण निधीची चणचण नाही. दूरच्या विद्यार्थ्याचा ग्रंथालयावरचा हक्क आपण अजून नेमक्या शब्दांत मान्यच केलेला नाही.

हे काम प्रत्यक्षात काय असते ते पाहिले की त्यासाठी कोणती माणसे हवीत हेही कळते. पहिला भाग करारांचा. प्रकाशकाबरोबरच्या प्रत्येक करारात ‘अधिकृत वापरकर्ता’ कोण याची व्याख्या असते. दूरशिक्षणाचे विद्यार्थी त्या व्याख्येत बसवायचे तर संख्या फुगते आणि किंमतही. न बसवले तर ते सरळ बाहेर राहतात. ही वाटाघाट करणाऱ्या ग्रंथपालाला आपल्या विद्यार्थ्यांतले किती जण खरोखर इंग्रजी नियतकालिके वापरतील याचा अंदाज असावा लागतो आणि तो अंदाज आकड्यांनिशी मांडता यावा लागतो. दुसरा भाग कॉपीराइटचा. १९५७ च्या कायद्याच्या ५२व्या कलमात अध्यापनासाठी मजकुराच्या प्रती काढण्याची सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. पण तो वाद छापील वाचनसंचांचा होता. प्रकरण स्कॅन करून दूरच्या विद्यार्थ्याच्या ई-मेलवर पाठवायचे तर सवलतीची मर्यादा कुठे आहे, हे प्रत्येक वेळी विचार करून ठरवावे लागते. संगणक विभाग हे ठरवू शकत नाही. ते ग्रंथपालाचेच काम आहे. तिसरा भाग साधा आणि दुर्लक्षित : पुस्तक पाठवणे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचे १०० रुपयांत जाते, कर वेगळा, आणि ते कुठवर पोहोचले हेही पाहता येते. एवढ्या स्वस्तात पुस्तक जात असताना मुक्त विद्यापीठाने टपालाने पुस्तके उसनी देण्याची पद्धतशीर योजना आखू नये, याचे समर्थन मला सापडत नाही.

आणि चौथा भाग, जो मला सगळ्यांत मोठा वाटतो, तो वाचकाशी बोलण्याचा. दूरच्या विद्यार्थ्याला आपल्याला काय हवे आहे हे बरेचदा नीट मांडता येत नाही. ग्रंथालयात तो कपाटासमोर घुटमळतो आणि ते पाहून ग्रंथपाल जवळ जातो. फोनवर किंवा दोन ओळींच्या ई-मेलमध्ये तो फक्त ‘प्रकल्पासाठी पुस्तक पाहिजे’ एवढेच म्हणतो. विषय कोणता, त्यातला कोणता भाग, मराठीतले चालेल की इंग्रजी, कधीपर्यंत हवे, त्याच्याकडे संगणक आहे की फक्त मोबाइल, हे सगळे हळूहळू काढून घ्यावे लागते, आणि तेही त्याला आपण अडाणी आहोत असे वाटू न देता. हे कौशल्य नेटच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप इथेच येतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर सगळीच ग्रंथालये दूरची झाली. दूरस्थ लॉगिन आता साध्या महाविद्यालयातही आहे. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून महाविद्यालयांचे सभासद घरबसल्या ई-पुस्तके वाचतात. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली होऊ लागली. मग दूरशिक्षणाचा ग्रंथपाल अशी वेगळी जात कशाला, प्रत्येक ग्रंथपाल तसाच नाही का? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. घरून लॉगिन करणारा पारंपरिक विद्यार्थी कधीतरी ग्रंथालयात गेलेला असतो. तिथले कोणी ओळखीचे असते, पासवर्ड चालेना तर उद्या जाऊन विचारता येते. पूर्णपणे दूर असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाला ग्रंथालय आहे हेच माहीत नसण्याची शक्यता मोठी. तेरा हजार नियतकालिके संस्थेच्या दारी आली तरी ती अभ्यासकेंद्रावर नाव नोंदवून गावी परतलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे नावनोंदणी, ओळखपत्र आणि लॉगिन यांची सांगड कोणी घालतो का यावर अवलंबून आहे. शिवाय ती बहुतांश इंग्रजीत आहेत. इतिहास किंवा मराठी साहित्य घेऊन एम.ए. करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला त्यांतून काय वाचता येईल आणि मराठीतले काय शोधून द्यावे लागेल, हे ठरवणारा कोणीतरी हवाच. साधने सर्वांची सारखी झाली म्हणून वाचक सारखे होत नाहीत.

आता मुख्य मुद्द्यावर. हे वाचक ज्यांनी जवळून पाहिले आहेत असे ग्रंथालयकर्मी आपल्याकडे आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत, अ, ब, क आणि ड वर्गांची. तिथे तुटपुंज्या अनुदानातून मिळणाऱ्या मानधनावर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना गावातला कोण शिकतो, कोण स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कोणाच्या घरी पुस्तक नेण्याची परवानगी मिळत नाही, हे माहीत असते. त्यांतल्या अनेकांनी बी.लिब. आणि एम.लिब. या पदव्या मुक्त विद्यापीठांतून, नोकरी सांभाळत घेतल्या आहेत. इग्नूचा बी.लिब.चा अभ्यासक्रम १९८९ पासून आहे; नाशिकच्या विद्यापीठातही दोन्ही पदव्यांची सोय आहे. स्वाध्याय रात्री लिहायचे, वर्गीकरण-तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकांसाठी रजा काढून अभ्यासकेंद्र गाठायचे, संदर्भपुस्तक मिळाले नाही तर त्यावाचून भागवायचे, हे त्यांनी केलेले असते. दूरस्थ वाचकाची अडचण त्यांना शिकवावी लागत नाही.

त्यांच्याविषयीचा आक्षेपही ठरलेला आहे : दूरशिक्षणातून घेतलेली ग्रंथालयशास्त्राची पदवी कच्ची असते. कायद्याने हा प्रश्न मिटलेला आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी पारंपरिक पदवीच्या समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येही पुन्हा स्पष्ट केले. तरी मुलाखतीतला पूर्वग्रह कायद्याने जात नाही. प्रात्यक्षिकाचा तास कमी पडतो हे मान्य करायला हवे, आणि सार्वजनिक ग्रंथालयात काम केलेल्याला ई-नियतकालिकांचे शोधतंत्र, दूरस्थ प्रवेशाची यंत्रणा, करारांची भाषा यांची सवय नसते हेही खरे. पण या दोन कमतरतांची तुलना करून पाहा. शोधतंत्र आणि कोहासारखी ग्रंथालयाची संगणकप्रणाली काही महिन्यांच्या प्रशिक्षणात शिकता येते. ई-पीजी पाठशाळेवर ग्रंथालयशास्त्राचे पाठ मोफत आहेत. तालुक्याच्या गावातल्या वाचकाशी बोलण्याची समज मात्र, विद्यापीठाच्या वातानुकूलित संदर्भ विभागात दहा वर्षे काढूनही, येईलच असे नाही. आपले नियम पहिली गोष्ट अनिवार्य मानतात आणि दुसरीला मोजतही नाहीत.

माझ्या मते बदल तीन ठिकाणी हवा, आणि त्यांतला एकच खर्चाचा आहे. मुक्त विद्यापीठांतल्या आणि दूरशिक्षण केंद्रांतल्या पदांसाठी सार्वजनिक ग्रंथालयातला पदवीनंतरचा अनुभव, निदान अर्ध्या प्रमाणात, पात्रतेत धरावा; यासाठी आयोगाने नियमात एक वाक्य घालायचे आहे. एम.लिब.च्या अभ्यासक्रमात दूरस्थ वाचकसेवेचा स्वतंत्र घटक असावा आणि त्याचे प्रात्यक्षिक अभ्यासकेंद्रावर व्हावे : विद्यार्थ्याने पन्नास दूरस्थ वाचकांच्या मागण्या प्रत्यक्ष पुऱ्या करून त्यांची नोंद ठेवावी. खर्चाची गोष्ट ती तिसरी. नाशिकच्या विद्यापीठाची विभागीय केंद्रे अमरावती, नागपूर, नांदेड, कोल्हापूर अशी राज्यभर आहेत. त्या प्रत्येक केंद्रावर केवळ विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथपाल असावा आणि त्याने त्या विभागातल्या अ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयांशी करार करून विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तिथे सभासदत्व मिळवून द्यावे. अनामत रक्कम विद्यापीठाने भरावी. राष्ट्रीय शिक्षण धोरणाला २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आहे आणि त्यात दूरशिक्षणाचा वाटा मोठा असणार आहे. तेव्हा या पदांचा खर्च परीक्षेच्या आणि छपाईच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा, मग परवडत नाही असे म्हणावे.

तोवर जो तरुण किंवा तरुणी या कामाकडे येऊ पाहते, तिच्यासाठी वाट अशी दिसते. सार्वजनिक ग्रंथालयात दोन-तीन वर्षे देवघेवीच्या खिडकीवर बसावे. एम.लिब. आणि सेट त्याच काळात करावे. प्रबंधिकेचा विषय घेताना पाच-पंचवीस मुक्त विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचाच शोध घ्यावा. एखाद्या ई-नियतकालिकाच्या करारनाम्याचा मसुदा मिळवून तो ओळीने वाचावा. आणि मुलाखतीत संगणकीकरणाचा प्रश्न येईल तेव्हा उत्तर त्या विद्यार्थ्यांच्या नोंदींपासून सुरू करावे.